तिसऱ्या मजल्याची चढाई

सासरे गेल्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये जो उठेल तो त्यांच्याविषयी तेच बोलत होता. शांत होते, नम्र होते, प्रभूचे विश्वासू सेवक होते. मी पुढच्या खुर्चीत बसून दात-ओठ खात होते. विश्वासू, ठीक आहे. पण नम्र? हा माणूस प्रवचनात जांभई आली तर ती उभा राहून देत असे. का, तर बसून दिलेली जांभई पुरी होत नाही म्हणून. असल्या माणसाला मेल्यावर एकदम गरीब गाय करून टाकलेलं मला सहन होईना. तेव्हा जे होतं ते मीच सांगते.

मी त्यांना मामा म्हणायचे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. ते जातीने ठाकर, बदलापूरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वाडी. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात शिकले, तिथून फौजेत गेले, पेन्शन घेऊन परत आले आणि बेलवलीच्या आमच्या छोट्या चर्चचे डीकन झाले. डीकन म्हणजे उपासनेत ज्याला एका जागी बसता येत नाही असा माणूस. त्याने दानाची पिशवी फिरवायची, म्हाताऱ्यांना पंख्याखालची खुर्ची द्यायची, आजाऱ्याच्या घरी जाऊन यायचं. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, तेव्हा भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे चिमुकले पेले थाळीत घेऊन एकेकापुढे न्यायचे. या शेवटच्या कामावर मामांचा भारी जीव. आदल्या दिवशी ते नखं कापत, मिशी सारखी करत आणि माझ्याकडून सदऱ्याला दोनदा इस्त्री करून घेत.

माझं माहेर उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधलं. खालच्या गाळ्यात जीन्स शिवायच्या मशिनी, वर आम्ही. मशिनींच्या वर आवाज काढायची सवय असल्यामुळे आमच्या घरात 'मीठ दे' हेसुद्धा भांडण वाटायचं. लग्न जमत होतं तेव्हा मध्यस्थाने सांगितलं की मुलाचे वडील फौजेत ड्रायव्हर होते. माझे वडील भलतेच खूश झाले. साखरपुड्याच्या दिवशी शेजाऱ्यांची मोटार आमच्या दारात आडवी उभी होती. वडिलांनी मोठ्या विश्वासाने चावी मामांच्या हातात दिली. मामा डाव्या बाजूने गाडीच्या तोंडाशी गेले, बॉनेटवर हात ठेवून हळूच काहीतरी बोलले आणि वाट बघत उभे राहिले. मग कळलं की ते खेचरांच्या तुकडीत होते, आणि तिथे खेचर हाकणाऱ्यालाही ड्रायव्हरच म्हणतात. स्टेअरिंग त्यांनी जन्मात धरलं नव्हतं.

सगळी नोकरी त्यांनी बर्फाच्या डोंगरांत खेचरांच्या पाठीवरून रेशन आणि रॉकेल वरच्या चौक्यांवर पोचवण्यात काढली. त्यांचं सगळं शहाणपण तिथलं. "मागून जायचं नाय," ते सांगायचे. "डाव्या अंगानं, पुढून जायचं. आधी बोलायचं, मग हात लावायचा. आन वरडायचं तर मुळीच नाय, कानात सांगायचं." हे खेचरांपुरतं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण मामा माणसांनाही तसंच वागवत. दुधाची पिशवी दारावर देणाऱ्या पोरापासून आमच्या पाळकांपर्यंत, म्हणजे पास्टरांपर्यंत, सगळ्यांच्या डाव्या खांद्यावर त्यांचा हात पडायचा आणि कानात गरम फुंकर यायची. मी स्वयंपाकघरातून आरडाओरडा सुरू केला की तेही उठून माझ्या डाव्या बाजूला यायचे आणि कानात पुटपुटायचे, "हां हां, झालं, झालं." मला खेचरासारखं चुचकारतात, हे मला लग्नानंतर कितीतरी महिन्यांनी समजलं. तोपर्यंत मला वाटायचं सासरे मायाळू आहेत.

चर्चमध्ये प्रवचनात कुणी पेंगलं की मामा असेच जात. एकदा आमचे सेक्रेटरी पेंगले. सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या घडीतून बाहेर न येणारे गृहस्थ. मामा डावीकडून गेले, खांद्यावर हात ठेवला आणि कानात म्हणाले, "बर्फात झोपला तो मेला." सेक्रेटरी जागे झाले ते उभेच राहिले, आणि हात वर करून 'आमेन' ओरडले. पाळक तेव्हा यहूदाच्या विश्वासघाताबद्दल बोलत होते. त्या दिवसापासून सेक्रेटरींच्या मनात मामांविषयी अढी बसली.

आणखी एक सवय होती, ती वाडीवरची. रानातून त्या वर्षी पहिल्यांदा जे काही घरात येईल ते आधी देवापुढे ठेवायचं, मग तोंडात घालायचं. मामांचा देव आता चर्चमध्ये होता, म्हणून ते सगळं चर्चमध्ये यायचं. शेवळं, करवंदं, कोवळे बांबूचे कोंब. त्याला कुणाची हरकत नव्हती. पण एका वर्षी त्यांनी शेतातले खेकडे आणले, तेही जिवंत, कापडी पिशवीत, आणि पिशवी वेदीपाशी ठेवली. प्रवचन रंगात आलं आणि त्यातला एक निघाला. पाळकांचं लक्ष वर स्वर्गाकडे होतं. खालून खेकडा त्यांच्या चपलेकडे चालला होता. सगळी मंडळी श्वास रोखून बघतेय हे पाहून पाळकांना वाटलं, आज प्रवचन भिडलंय, आणि त्यांनी आवाज आणखी चढवला. शेवटी मामा उठले, डाव्या बाजूनेच गेले, आणि खेकड्याला उचलून पिशवीत टाकलं. त्याच्याशी आधी दोन शब्द बोलले की नाही ते मला दिसलं नाही, पण बोलले असणार.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग आमच्या पत्र्याच्या हॉलची जागा बिल्डरकडे गेली आणि चर्च सोनिवलीच्या बाजूला एका नव्या इमारतीत हललं. तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टची खोली होती, लिफ्ट नव्हती. विचारलं की बिल्डरचा माणूस म्हणायचा, "येतेय, येतेय." तोपर्यंत लोकांनी त्या खोलीत सायकली आणि तुळशीची जुनी कुंडी ठेवली होती.

मामांचं वय झालं होतं. बर्फाने गुडघे आधीच खाल्ले होते, आता छातीही साथ देत नव्हती. नव्या जागेतल्या पहिल्याच प्रभुभोजनाला ते दुसऱ्या मजल्याच्या खालच्या वळणावर बसले ते उठलेच नाहीत, मी आणि नवऱ्याने धरून घरी आणलं. पुढच्या महिन्यात ताप आला. दोन प्रभुभोजनं चुकली. सेक्रेटरींनी लगेच नियम काढला, की लागोपाठ तिसऱ्यांदा चुकलं तर डीकनचं नाव कमी होतं. वर मायेने म्हणाले, "आपण त्यांना मानद डीकन करू."

"मानद म्हंजे?" मामांनी विचारलं.

"म्हणजे काम नाही, फक्त मान."

मामा म्हणाले, "आमच्यात अशा खेचराला गवतावर सोडायचे. काम नाय, फक्त गवत. लय दिवस जगायचं नाय ते."

मला ते लागलं. आणि मला काही लागलं की मी ओरडते. मी सेक्रेटरींना भर सभेत इतकी बोलले की खालच्या मजल्यावरचं कुणीतरी वर बघायला आलं. पाळक बिचारे मऊ स्वभावाचे. ते म्हणाले, त्यात काय, महिन्यातून एक उपासना खाली पार्किंगमध्ये घेऊ. सगळ्यांना पटलं. नाही पटलं ते एकट्या मामांना.

"खेचरासाठी चौकी खाली आणत नाय कुनी," ते म्हणाले. "खेचर वर जातं."

आता मी त्यांच्यावर ओरडले. ते माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले.

त्यांनी जो मार्ग काढला तो फक्त त्यांनाच सुचू शकत होता. फौजेत उंचावर एकदम चढत नाहीत. थोडं चढायचं, मुक्काम करायचा, छातीला हवा ओळखू द्यायची, मग पुढे. मामांनी हा नियम सोनिवलीच्या तीन मजली जिन्याला लावला. "पयला हॉल्ट पयल्या मजल्यावर, दुसरा दुसऱ्यावर," त्यांनी मला हुकूम दिला. मी म्हटलं, मामा, ती लोकांची घरं आहेत, धर्मशाळा नाहीत. त्यांनी ते ऐकलंच नाही. पुढच्या रविवारी उपासनेच्या खूप आधी आम्ही दोघं निघालो, आणि पहिल्या मजल्यावर त्यांनी सरळ समोरची बेल दाबली.

दार एका सिंधी आंटीने उघडलं. मामांनी टाचा जुळवून सांगितलं, "ऊपर जाना है. दस मिनिट हॉल्ट." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आंटीने आम्हाला खुर्च्या दिल्या आणि भाजलेला पापड आणि पाणी पुढे ठेवलं. माझ्या माहेरी आजूबाजूला सगळे सिंधीच, त्यामुळे पाहुणा आला की पापड-पाणी ही त्यांची रीत मला ठाऊक होती. मामांना नव्हती. त्यांची समजूत झाली की हॉल्टचं रेशन लागू झालं. त्यांनी पापड बारकाईने तपासला, खाल्ला आणि म्हणाले, "बंदोबस्त चांगला हाये."

दुसऱ्या मजल्यावर एक काकू होत्या. सोनिवलीतल्याच जुन्या शेतकरी घरातल्या, जमीन विकून इथे आलेल्या. त्या दारातच पाट टाकून बसत, कारण बंद दाराच्या घरात त्यांचा जीव रमत नसे. त्यांनी मामांना पाहिल्या पाहिल्या 'दादूस', म्हणजे थोरला भाऊ, करून टाकलं. "ये दादूस, बस. चाय घे. देव कुठं पलून चाललाय नाय."

त्या महिनाभरात आमची चढाई जिनाभर प्रसिद्ध झाली. आंटी दार उघडं ठेवून वाट बघायला लागली. तिचा गुडघा दुखायचा, तर मामा तिच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करायचे, आणि नंतर खेचराच्या गुडघ्याला काय लावतात तेही सांगायचे. आंटी दोन्ही मनापासून ऐकायची. काकूंना ते रानातली भाजी आणून द्यायचे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दुसरं गीत सुरू व्हायच्या आत वर पोचलो, तेव्हा सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. मामांनी खुर्चीत बसून श्वास घेतला आणि मला म्हणाले, "आता फुडच्या रविवारी थाळी माझी."

तो रविवार उजाडला. नखं, मिशी, दोनदा इस्त्री. मी मुद्दाम आणखी लवकर निघाले. पहिल्या मजल्यावर पापड झाला, पाणी झालं. वर निघालो आणि वळणावर थांबलो, कारण जिना बंद होता.

काकूंनी गावातल्या जुन्या घरातून आपलं लोखंडी कपाट मागवलं होतं, आणि ते वळणावर तिरपं होऊन भिंत आणि कठडा यांच्यामध्ये गच्च बसलं होतं. वर एक हमाल, खाली एक. "चाचा, रास्ता बंद है," खालचा म्हणाला. "फँस गया." कपाटाच्या पलीकडून काकूंचा आवाज येत होता, "हलू, हलू रे मेल्यांनो!"

मी मोठमोठ्याने सगळ्यांना एकाच वेळी सूचना द्यायला लागले. मामा मात्र कपाटाच्या डाव्या बाजूला गेले, त्याच्यावर तळहात ठेवला, थोडं दाबून पाहिलं आणि म्हणाले, "लोड बिघडलाय. एका अंगाला वजन जास्त हाये. आत काय हाये?"

"काय पन नाय," पलीकडून काकू म्हणाल्या.

"उघडा."

"मेले तरी नाय उघडाची!"

वर पहिलं गीत सुरू झालं.  काकू चावी कमरेला घट्ट धरून बसल्या होत्या. हमाल म्हणाले, जोर लावू. मामांनी त्यांना हाताने थांबवलं. बिघडलेल्या लोडला जोर लावला की काय होतं ते त्यांनी कड्यावर बघितलं होतं, एवढंच ते म्हणाले. मग कपाटाच्या फटीला तोंड लावून पलीकडे हळूच बोलले, "बाय, काय हाये ते मी बघनार नाय. कुनीच बघनार नाय. तू तुझ्या हातानं इकडचं तिकडं कर." मग मागे वळून त्यांनी हुकूम सोडला, "पीछे मुड!"

आणि आम्ही वळलो. दोन्ही हमाल आणि मी भिंतीकडे तोंड करून शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे राहिलो. मामाही वळले. पाठीमागे कपाट करकरलं आणि काकू हुंदके देत काहीतरी सरकवू लागल्या. वर दुसरं गीत झालं. प्रवचन सुरू झालं. देवाची शपथ, मी बघणार नव्हते, पण मान आपोआप थोडी वळलीच आणि फटीतून आतलं दिसलं. कपाटात साड्या नव्हत्या की दागिने नव्हते. चिनीमातीच्या बरण्याच बरण्या होत्या, खालपासून वरपर्यंत, आणि सगळ्यांत मीठ. काकूंच्या माहेरच्या मिठागरावरचं शेवटचं मीठ, हे पुढे त्यांनीच मला सांगितलं. मिठागर गेलं तेव्हापासून त्यांनी ते जपून ठेवलं होतं आणि लोक हसतील म्हणून कुणाला दाखवलं नव्हतं. मी हसले नाही. हसू आलं होतं, पण मामांकडे लक्ष गेलं. ते भिंतीकडे बघत ताठ उभे होते आणि त्यांचा कान वर होता.

प्रवचन संपलं. प्रभुभोजनाचं गीत सुरू झालं. ते गीत आम्हाला सगळ्यांना पाठ आहे, आणि त्याच्या कितव्या कडव्याला डीकन थाळी उचलतात तेही मला माहीत होतं.

"मामा, सुरू झालं," मी म्हटलं. 

"ऐकतोय," ते म्हणाले. त्यांचा हात सदऱ्याची शेवटची गुंडी चाचपत होता. ती लावलेलीच होती.

काकूंनी एकदाचं कपाट लावून चावी फिरवली. मामा वळले, हमालांना एकाला वर, एकाला खाली घेतलं, 'हां बेटा, हां बेटा' करत कपाट उभं केलं, अर्धं वळवलं आणि ते अलगद सुटलं. दुसऱ्या मजल्यावर ते दाराशी टेकवेपर्यंत मामा त्याच्याबरोबर चालत गेले. काकू म्हणाल्या, "बस रं दादूस, तुझा हॉल्ट." मामा बसले नाहीत. महिनाभर पाळलेला नियम त्यांनी त्या दिवशी मोडला आणि थेट वर निघाले. प्रत्येक पायरीला त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी मागून त्यांना धरायला गेले, मग आठवलं आणि डाव्या बाजूला गेले. शेवटच्या वळणावर होतो तेव्हा वर सगळ्यांनी मिळून 'आमेन' म्हटलेलं ऐकू आलं.

दारात पोचलो तर लोक उठून चपला घालत होते. सेक्रेटरी टेबलावरचा पांढरा कपडा घडी करत होते. थाळी बाजूला ठेवलेली होती, तिच्यात उरलेले बरेच तुकडे आणि भरलेले पेले, आमच्याकडे नेहमीच जास्तीचं करून ठेवतात. मामा दारात उभे राहिले.  मग टाचा जुळल्या.

"डीकन हजर," ते म्हणाले. "उशीर झाला."

 मी सेक्रेटरींकडे बघत होते, आणि तोंड उघडलंत तर बघा, असं मनात म्हणत होते.

"बरं झालं आलात," पाळक म्हणाले. "मला अजून मिळालेलं नाही." हे धादांत खोटं होतं, पाळक आमच्याकडे नेहमी सर्वांत आधी घेतात. ते येऊन पहिल्या खुर्चीत बसले. मामांनी थाळी उचलली.  मग सेक्रेटरींनी कपड्याची घडी पुन्हा मोडली, टेबलावर पसरली, आणि पाळकांच्या शेजारी येऊन बसले. "मलाही राहिलं," ते म्हणाले. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर द्राक्षरसाचा ताजा थेंब होता. नाव कमी करायचा विषय त्यांनी पुढे मामा जाईपर्यंत काढला नाही. पण त्या क्षणी मला ते कुठे ठाऊक होतं, मी नुसती त्या थेंबाकडे बघत होते.

मग सगळेच परत बसले. घातलेल्या चपला निघाल्या. जिला कधी एका जागी बसवत नाही ती पाळकांची बायको बसली, पोरांना घेऊन निघालेल्या बाया बसल्या. एकजात सगळे देवाच्या घरात बसून खोटं बोलत होते की आम्हाला मिळालं नाही, आम्हाला मिळालं नाही. मामा डाव्या बाजूने एकेकापाशी गेले. आधी दोन शब्द बोलायचे, मग थाळी पुढे करायचे. कुणी घाई केली नाही.

मी शेवटच्या रांगेत बसले होते. ते माझ्यापाशी आले तेव्हा थाळीत एकच तुकडा आणि एकच पेला उरला होता, तो त्यांचा स्वतःचा. सगळ्या हॉलमध्ये बसलेल्यांत खरोखर उपाशी मी एकटी, आणि बाकीचे भामटे दोन-दोनदा खाऊन बसलेले! मला इतका राग आला आणि त्या रागातच इतकं रडू आलं की दोन्हींतलं काय आधी बाहेर काढावं ते कळेना.

मामा माझ्या कानाशी वाकले. "एवढी सगळी मानसं ऱ्हायली व्हती?" त्यांनी विचारलं.

"हो, मामा," मी म्हटलं. "तुमच्यासाठी थांबली होती."

त्यांनी मागे वळून सगळ्यांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग तुकडा मोडला, अर्धा माझ्या तळहातावर ठेवला आणि अर्धा स्वतः खाल्ला. पेला आधी मला दिला. मी निम्मा प्याले आणि निम्मा त्यांना परत दिला.